रात्री वेणी घालून झोपलं का सकाळी केस पिंजारून राठ होतात, काही उपाय आहे का?

पूर्णाकाठची

हाय सगळ्यांना. दर्यापूरच्या साइडले गाव आहे आमचं. केस कमरेपर्यंत, दाट, ना धड सरळ ना धड कुरळे. पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे आणि हळदीच्या दिवशी मले केस मोकळे ठेवायचे आहेत, ते वेव्ह वेव्ह येतात ना तसे. कर्लिंगची मशीन आमच्याकडे नाही आणि असती तरी लाइटचा काही भरोसा नाही. रील्समध्ये सगळ्या तेच सांगतात की रात्री केस धुवा, ओल्याचीच वेणी घाला, झोपा, सकाळी सोडा, झालं. म्हणून मी तसंच करून पाहून राहिली. वरून वेणी वाळलेली दिसते, सोडली का पाचेक मिनिटं लई भारी दिसते आणि मंग फणी मारली का सगळे केस कापसाच्या बोंडावानी फुटतात. टोकं तर हाताले टोचतात. दुपारपर्यंत वेव्ह कुठी गेले काही पत्ता नाही, नुसता फुगा राहतो.

केस धुवायले बोअरचंच पाणी आहे, खारं. शांपूची पुडी संपली असन तर अंगाचाच साबण लावतो घरी सगळे. रब्बर तो पॅकेटमधला पातळ काळा. तेल लावलं तर चिपकू दिसते, नाही लावलं तर राठ. आता रात्री वेणीच घालू नको काय? पण मोकळे सोडून झोपलं तर इतका गुंता होतो का आई सरळ कात्रीच दाखवते. पार्लरचा खर्च नका सांगजा प्लीज, घरच्या घरी काय होईन ते सांगा.

तेल्हाऱ्याची काकू

अवं पोरी, ओल्या केसायची येणी कायले घालतं? आमच्या सासूबाई तं ओले केस बांधूच देत नव्हत्या, म्हणे सर्दी होते. सर्दीचं मले माईत नाही पण वास मारते हे खरं हाय, दाट केसायची येणी आतून वायतच नाही, दुसऱ्या दिवशी सोडली का कुबट वास अन् मंग खाज अन् कोंडा सारं मांगं लागते. तू दुपारीच केस धू, सावलीत बसून वाऊ दे अन् मंग झोपतानी येणी घाल.

अन् फणी! ते बारीक दाताची फणी उवा काढाची हाय वं, केस इचराची नाही. येणी सोडली का बोटानंच मोकये कराचे. तेल मी तं धुवाच्या आंधी लावतो, तासभर ठेवतो अन् मंग धुतो, धुतल्यावर फक्त हातावर दोन थेंब चोयून टोकायले लावाचं, बस. आणखीन एक, शायेत असतांनी दोन येण्या घालून वर दुमडून रिबिनीनं बांधत होतो ना, थेच झोपतानी कर. टोकं आत दबून राहतात, घासत नाही. उन्हायात आंगणात बाजीवर झोपलं का सुतयीत केस अडकतात अन् तुटतात, मी तं डोक्याखाली जुन्या साटीनच्या परकराचा तुकडा टाकतो. लोकं हासतात, हासू दे.

पार्लरवाली_मूर्तिजापूर

काकूंनी निम्मं सांगूनच टाकलं. मी बाकीचं सांगते, खर्चाचं नाही सांगत, घाबरू नको.

वेणी सोडू नको, वेणी चांगलीच आहे, रात्रभर केसांचं घासणं वाचते तिच्यानं. प्रॉब्लेम असा आहे की तुझी वेणी सकाळी आतून ओलीच असते. केस ओला झाला का तो मऊ पडतो आणि ज्या आकारात वाळेल तोच आकार धरतो, म्हणून तर वेणीनं लाटा येतात. पण तू अर्धवट वाळलेली वेणी सोडते, मग उरलेलं वाळणं मोकळ्यात होते, पंख्याखाली नाहीतर एसटीच्या खिडकीत, आणि तिथं एकेक केस त्याच्या मर्जीनं वाळतो. तेच फ्रिझ. पहिले पाच मिनिटं चांगलं दिसते आणि मग बिघडते असं तू जे लिहिलं ना, त्याच्यावरूनच मले समजलं.

आणि तुम्ही कुलर लावून झोपता का? कोणी हे सांगत नाही पण आपल्याकडच्या पोरींचा उन्हाळ्यातला निम्मा त्रास कुलरचा आहे. दिवसभर बाहेर हवा इतकी कोरडी का ओढणी दहा मिनिटात वाळते आणि रात्री खोलीत कुलरची दमट हवा, त्यात डोकं कुलरच्या तोंडापाशी. तिथं जाड वेणी सकाळपर्यंत काय वाळणार आहे.

तर असं कर. केस दुपारी किंवा चार-पाचच्या आत धू. टॉवेलनं खसाखसा पुसू नको आणि ते वाकून फटफट झटकते ना आपण, ते तर बिलकुल नाही, ओला केस रबरासारखा ताणतो आणि मग तुटतो. जुना मऊ टीशर्ट घे नाहीतर बाबांचा जुना दुपट्टा, त्यात केस दाबून पाणी काढ. गुंता मोठ्या दाताच्या कंगव्यानं, खालून सुरू करून वर जायचं, वरून खाली ओढत नाही यायचं. मुळं पूर्ण वाळू दे, लांबी जवळजवळ वाळली पाहिजे. मधले केस मुठीत धरून पाहायचे, मुठीला गार लागलं म्हणजे अजून ओल आहे.

मग एक जाड वेणी घालायच्या ऐवजी चार घाल. तुझ्या दाटपणाले चार लागतीनच, बारीक वेणी आतूनही वाळते. मुळाशी ढिली सुरू करायची. आपल्या आया काय करतात, डोळे ताणले जातीन अशी घट्ट घालतात, त्यानं वेव्ह चांगले येत नाहीत, उलट कपाळाजवळचे केस जातात. वर्षानुवर्षं घट्ट बांधून ज्यांचा भांग रुंद झाला अशा बायका माझ्याकडे येतात आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. शेवटचं दोन बोटं टोक मोकळं नको सोडू, ते काकूंनी सांगितलं तसं आत दुमडून घे. आणि ते काळं पातळ रब्बर फेकून दे आधी, ते काढताना दरवेळी चार केस घेऊन निघते. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईकडे साटीनच्या चिंध्या पडलेल्याच असतात, एक लांब पट्टी मागून आण, तीच बांध. उशीवर पण तसलंच गुळगुळीत काही टाक, सुती खोळ केसाची ओल पण पिते आणि घासते पण.

सकाळी उठल्या उठल्या वेणी सोडू नको. तोंड धू, चहा पी, अंघोळ कर (डोक्यावर पाणी नको), तयार हो, सगळ्यात शेवटी सोड. आधी तळहातावर तेलाचे दोनच थेंब चोळून वेणीवरूनच हात फिरव, मग खालून एकेक पेड उकल. बोटं घाल, हलवून दे, झालं. फणी नाही. परत सांगते, फणी नाही. कंगवा फिरवला का लाटेतले केस सुटे होतात आणि तुझा तो फुगा तयार होतो.

खडू_फळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, केसांचा तज्ज्ञ नाही, पण दोन मुलींचा बाप आहे आणि गाव अकोट तालुक्यात, त्यामुळं या पाण्याशी रोजची ओळख आहे. वरच्या ताईंनी जे सांगितलं त्याचं कारण असं, की केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यात हायड्रोजन बंध असतात. पाण्यानं ते सुटतात, वाळताना नव्या जागी परत जुळतात. म्हणून ओल्या वेणीला आकार येतो आणि म्हणूनच दमट हवेत तो आकार जातो.

पण तुमच्या प्रश्नात राठपणाचा भाग वेगळा आहे आणि तो पाणी आणि साबण यांचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जो खारपाणपट्टा आहे तिथलं जमिनीखालचं पाणी खारं, त्यात बऱ्याच ठिकाणी जड पण. जड म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. अंगाचा साबण अशा पाण्यात फाटतो, बादलीत पांढरट साय दिसते ना, तीच साय केसांवर पण बसते आणि धुऊन निघत नाही. शिवाय साबण अल्कलीयुक्त, त्याचा पीएच ९-१० च्या आसपास. केसाच्या वरच्या थराला खवले असतात, माशाला असतात तसे एकावर एक, अल्कलीनं ते उचलले जातात. उचललेले खवले एकमेकांत अडकतात, हाताला राठ लागतं, चमक जाते. त्यामुळं सगळ्यात आधी डोक्याला साबण बंद. शांपूची साधी पुडी सुद्धा त्यापेक्षा बरी, कारण शांपू अशा पाण्यात साबणासारखा फाटत नाही. शिकेकाई चालत असेल तर तीही चांगली, ती किंचित आम्लधर्मी असते, फक्त वस्त्रगाळ करून घ्या नाहीतर चुरा केसात राहतो.

शेवटचे एक-दोन तांबे पाणी बोअरचं घेऊ नका. गावात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याची कॅन येत असेलच, त्यातलं घ्या. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस टाकून ते लांबीवरून ओतायचं, मिनिटभर थांबायचं आणि कॅनच्याच साध्या पाण्यानं काढून टाकायचं. आठवड्यातून एकदा बस झालं. डोक्यात जखम, खरूज असेल तर नको, आणि लिंबू केसात ठेवून उन्हात बसू नका, कातडीवर डाग पडू शकतात.

पाणी उकळून घ्या असं कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. उकळल्यानं फक्त काही क्षार भांड्याच्या तळाशी पांढरे होऊन बसतात, खारटपणा जात नाही. तुरटीनं गाळ बसतो, क्षार नाही.

तेलाबद्दल काकूंचं बरोबर आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी नारळाचं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती, त्यात नारळाचंच तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं असं दिसलं. आता त्या कंपनीचा धंदाच खोबरेल तेलाचा, हे लक्षात ठेवून वाचायचं, पण आमच्या घरचा अनुभव तसाच आहे.

पूर्णाकाठची

बापरे इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. कुलरचं एकदम बरोबर पकडलं ताई, मी कुलरच्या समोरच झोपते 😅 आणि सर, ती साय आमच्या बादलीत पण येते, मले वाटे साबणच डुप्लिकेट असन.

एक विचारू का, कंडिशनरची पुडी आणली तर चालन काय? आणि जवसाचं जेल म्हणून एक सांगतात ते खरंच काम करते काय, जवस तर घरी पडूनच आहे, आई चटणी करते.

भंडारा_ची_सून

जवसाचं मी सांगते, माझे केस तर तुझ्यापेक्षा कुरळे आहेत आणि मी दुसरं काहीच लावत नाही. दोन मोठे चमचे जवस एक कप पाण्यात टाकायचे आणि बारीक गॅसवर ढवळत राहायचं, सात-आठ मिनिटात ते पाणी अंड्याच्या बलकासारखं नाही, पांढऱ्या भागासारखं तार धरते, चमच्यावरून ओघळतांना तार दिसली का लगेच गॅस बंद आणि गरम गरमच गाळायचं. थंड होऊ दिलं तर मग तुझ्या बापाच्यानं गाळलं जात नाही, जवस आणि जेल एकजीव होऊन बसते. गाळणी पण चोक होते, जुन्या पातळ ओढणीचा तुकडा घे आणि पिळ, हात भाजणार नाही असं बघ.

लावायचं किती तर चार वेण्यांना मिळून दोन चमचे, जास्त नाही. जास्त झालं तर वाळल्यावर पापुद्रे निघतात आणि लोक म्हणतात कोंडा झाला. केस किंचित ओलसर असतांना लांबीवर लावून मग वेणी घालायची, मुळाशी नाही. पण हे लावलं का वेणी वाळायले अजून वेळ लागते, म्हणून कुलरच्या खोलीत तर नकोच. फ्रीज असेल तर आठवडाभर टिकते, नसेल तर तेवढंच कर, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास सुटते. कंडिशनरची पुडी आण की, शांपूनंतर फक्त अर्ध्या लांबीपासून खाली लावायची आणि धुवून टाकायची, एका पुडीत तुझे केस होणार नाहीत, दोन घे.

शेगाव_वाला

ताई पाण्याचं हलक्यात नका घेऊ. आमच्या तालुक्यात २०२५ च्या जानेवारीत बोंडगाव, काळवड या गावांत लोकांचे केस भराभर गळून टक्कल पडले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा पण पाण्याचंच नाव निघालं होतं. मी तर म्हणतो वेणी, फणी जाऊ द्या, आधी पाणी तपासा.

खडू_फळा

दादा, काळजी समजते पण ती गोष्ट वेगळी होती, उगीच पोरीला घाबरवू नका. तिथं केस मुळापासून निघत होते, काही दिवसांत टक्कल पडत होतं. सुरुवातीला पाण्यावर संशय गेला हे खरं, मग आयसीएमआरचं (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक येऊन गेलं, आणि पुढं महाडचे डॉक्टर-संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हातलं जास्त सेलेनियम (एक खनिज) हे कारण म्हणून पुढं आलं. इथं केस गळत नाहीयेत, मधून तुटून राठ होताहेत. फरक ओळखायचा असेल तर फणीत आलेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून आला. ठिपका नाही आणि तुकडा आखूड आहे म्हणजे तुटलाय. रोज थोडे मुळापासून येतात ते सगळ्यांचेच येतात. एकदम पुंजके यायला लागले तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं.

स्टाइल_किंग_अमरावती

एवढं डोकं कायले लावून राहिले सगळे, एकदा स्मूथनिंग करून घे, सहा महिने टेन्शन नाही. लग्नात सरळ सिल्की केस, सगळे पाहत राहतीन.

पार्लरवाली_मूर्तिजापूर

दादा तिनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे का पार्लरचा खर्च नको. आणि तिले वेव्ह पाहिजेत, सरळ करून काय करू?

मी स्वतः हाच धंदा करते तरी सांगते, हजारो रुपये जातात आणि नंतर नवीन केस मुळाशी जसे होते तसेच येतात, मग वर वेगळे खाली वेगळे. त्यातल्या काही क्रीममधून गरम प्रेस फिरवल्यावर फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, बंद खोलीत तर नकोच. वीस वर्षांच्या पोरीनं लग्नाच्या एका दिवसासाठी हे करू नये असं माझं मत आहे, तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

पूर्णाकाठची, तुझ्यासाठी अजून एक राहिलं. टोकं टोचतात म्हणते ना, ते वेणीनं नाही सुधारणार. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कमरेजवळचं टोक चार-पाच वर्षं जुनं आहे, शाळेत असतांनाचं. इतकी वर्षं त्यानं साबण, खारं पाणी, ऊन, रब्बर सगळं सोसलं. टोकाला फाटे फुटले असतीन तर तेल लावून ते जुळत नाहीत, दोन बोटं काप. आईकडूनच काप, फक्त कात्री कपड्याची धारदार घे, भाजीची नको. दोन बोटं कापल्यानं कमरेवरून काही खांद्यावर येत नाहीत.

तेल्हाऱ्याची काकू

हाव, काप वं. अन् अमावस्या पाह्यत बसू नोको, कोणी काही म्हणते.

पूर्णाकाठची

टोकं कापायले आई एका पायावर तयार आहे, तिले तेवढंच पाहिजे होतं 😂

काल दुपारी धुतले, शेवटचा तांबा कॅनच्या पाण्याचा, लिंबू टाकून. बाबा म्हणे प्यायचं पाणी डोक्यावर ओतून राहिली. चार वेण्या घातल्या, टेलरताईकडून साटीनच्या पट्ट्या आणल्या, मरून कलरच्या आहेत. कुलरकडे पाय करून झोपली. सकाळी फणी नाही लावली. पुढून चांगलं आलं, हात फिरवला तर मऊ पण लागून राहिले, पण मागच्या दोन वेण्यांच्या लाटा एकदम बारीक बारीक आल्या, मॅगीसारख्या. तेवढं कसं मोठं करायचं? आणि हळद परतवाड्याले आहे, सकाळी सातले गाडीत बसायचं आहे, गाडीतच दीड तास जाईन.

पार्लरवाली_मूर्तिजापूर

मागं दोनच्या ऐवजी एकच घाल, लाट मोठी येईन. चारवरून तीन, एवढाच बदल. पण मागची जाड होते म्हणून ती जास्त वाळू देऊन मग घालायची. आणि मागं वेणी वर टाळूपासून सुरू न करता कानाच्या लेव्हलला सुरू कर, वरचे केस सपाट राहतीन, खालीच लाटा दिसतीन, फोटोत ते जास्त चांगलं दिसते.

गाडीत वेण्या तशाच राहू दे, वरून ओढणी गुंडाळ आणि तिथं पोचून हळदीच्या अर्धा तास आधी सोड. खिडकी उघडी ठेवून केस सोडून बसलीस तर सगळं मुसळ केरात. आणि दोन-तीन काळ्या पिना सोबत ठेव, हळद लावायला बायका तुटून पडतात, तेव्हा केस मागं घेऊन पिन लाव, हळद-तेलाचे हात एकदा केसाले लागले का लाटा चिपकून जातात.

तेल्हाऱ्याची काकू

परतवाड्याले कोणाच्या घरी हाय वं लग्न? माझं माहेर तिकडचंच हाय, अचलपूर. गजरा तिथंच घेजो सकायी, इथून नेशीन तं गाडीत सुकून जाईन.

पूर्णाकाठची

काकू, इन्बॉक्स करते 🙏 आणि हो, तीन वेण्यांची ट्रायल रविवारी घेते, तेव्हा सांगते इथं.